उतरत्या काळातला जादूगार : सिल्व्हँ शोमे यांचा ‘द इल्यूजनिस्ट’

सिल्व्हँ शोमे या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘द इल्यूजनिस्ट’ हा सुमारे ८० मिनिटांचा ॲनिमेशनपट २०१० साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. हाताने रेखाटलेल्या या चित्रपटाचा नायक आहे वय झालेला, कामे मिळेनाशी झालेला एक जादूगार, आणि त्याच्या उतरत्या काळातला एक छोटासा टप्पा एवढाच त्याचा कथाभाग आहे. ॲनिमेशन म्हणजे सुट्टीत मुलांना दाखवायचे चित्र, ही समजूत आपल्याकडे अजून घट्ट आहे. तिच्या भरवशावर कोणी घरातल्या लहानग्यांना घेऊन हा चित्रपट पाहायला बसले, तर मुले थोड्याच वेळात कंटाळून उठतील आणि मोठी माणसे शेवटपर्यंत जागची हलणार नाहीत. मी पाहिलेल्या ॲनिमेशनपटांत याच्याइतका हळवा आणि तरीही इतका संयमी दुसरा नाही. याच नावाचा, व्हिएन्नातल्या एका जादूगारावरचा अमेरिकी चित्रपट २००६ साली येऊन गेला आहे. शोधताना गल्लत होऊ नये म्हणून दिग्दर्शकाचे नाव लक्षात ठेवलेले बरे.

मूळ पटकथा जाक ताती यांची. ताती (१९०७–१९८२) सिनेमात येण्याआधी म्युझिक हॉलच्या, म्हणजे गाणी, नकला, जादू असे मिश्र कार्यक्रम होणाऱ्या थिएटरांच्या, रंगमंचावर मूकाभिनयाचे कार्यक्रम करत असत, आणि पुढे पडद्यावर त्यांनी उभा केलेला मस्यू हुलो, म्हणजे किंचित पुढे झुकून टाचा उचलत चालणारा, सगळ्यांशी अदबीने वागून सगळीकडे गोंधळ करून ठेवणारा तो उंच माणूस, जगभर ओळखीचा झाला. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात लिहिलेली ही पटकथा मात्र त्यांनी कधी चित्रित केली नाही. फ्रान्सच्या राष्ट्रीय चित्रपट केंद्राच्या संग्रहात ती ‘ताती चित्रपट क्रमांक ४’ एवढ्याच नावाने पडून राहिली. शोमे यांना आपल्या ‘द ट्रिप्लेट्स ऑफ बेलव्हिल’ या चित्रपटात तातींच्या एका जुन्या चित्रपटाचा तुकडा वापरायचा होता; त्या परवानगीच्या निमित्ताने तातींची कन्या सोफी तातिशेफ यांच्याशी त्यांचा संपर्क आला आणि या पटकथेचा विषय निघाला. आपल्या वडिलांची भूमिका दुसऱ्या कोणा नटाने करावी हे सोफी यांना रुचत नव्हते, आणि रेखाटलेल्या माणसात ती अडचण उरत नव्हती, असे शोमे यांनी सांगितले आहे. सोफी २००१ साली वारल्या. चित्रपट त्यांनाच अर्पण केलेला आहे.

जादूगाराचे नावही तातिशेफ, म्हणजे तातींचे खरे आडनाव. काळ १९५९चा. पॅरिसमधली थिएटरे रिकामी पडू लागलेली आहेत, म्हणून हा गृहस्थ आपली पेटी, आपली घडीची भित्तिपत्रके आणि एक अत्यंत चिडखोर, चावरा ससा घेऊन लंडनला येतो. तिथे त्याच्या आधी रंगमंचावर एक रॉक अँड रोल टोळी असते. किंचाळणाऱ्या पोरींच्या गर्दीसमोर ती पोरे पुन्हा पुन्हा येऊन गातात, विंगेत उभा असलेला तातिशेफ दर वेळी सरसावतो आणि दर वेळी मागे सरतो. अखेर त्याची पाळी येते तेव्हा एवढ्या मोठ्या सभागृहात एक म्हातारी आणि तिच्याबरोबरचा एक कंटाळलेला मुलगा एवढेच उरलेले असतात. त्या दोघांसाठी तो आपला कार्यक्रम पूर्ण करतो. घाई करत नाही, एखादा प्रयोग गाळत नाही. या माणसाबद्दल आपल्याला जे काही कळायला हवे ते इथेच, एका शब्दाशिवाय, कळून चुकते.

पुढे एका मद्यपी स्कॉटिश माणसाच्या निमंत्रणावरून तो आगगाडी आणि होडी करत स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या एका बेटावर पोचतो. बेटावर नुकतीच वीज आलेली असते आणि गावातल्या गुत्त्यात पहिला दिवा लागल्याचा जल्लोष चाललेला असतो. इथले लोक त्याच्या जादूला मनापासून दाद देतात, आणि त्याच गुत्त्यात झाडलोट करणारी ॲलिस ही पोरसवदा मुलगी ती जादू खरीच आहे असे धरून चालते. तिची फाटकी पादत्राणे पाहून तो दुकानातून लाल बूट विकत आणतो, आणि ते हातात देण्याऐवजी हवेतून काढून देतो. एवढ्या एका सवयीच्या, धंद्याच्या लकबीतून पुढचा सगळा घोटाळा जन्म घेतो. बेट सोडताना ॲलिस त्याच्या मागोमाग निघते आणि तिकीट मागितल्यावर बिनघोर त्याच्याकडे बोट दाखवते. त्याला तिचे तिकीटही हवेतूनच काढावे लागते.

दोघे एडिंबरा शहरात येऊन राहतात. चित्रपटाचा मोठा आणि सर्वांत समृद्ध भाग इथे आहे, आणि माझ्या मते त्याचा खरा विषय एका साध्या हिशेबात आहे. ॲलिसला दुकानाच्या काचेमागचा पांढरा कोट आवडतो, मग उंच टाचांचे बूट आवडतात, आणि या सगळ्या वस्तू जादूगाराच्या बोटांतून फुकट निघतात असे ती समजते. त्या बोटांमागे पैसे आहेत, आणि ते पैसे मिळवायला तो माणूस रात्री मोटारींच्या गॅरेजमध्ये काम करतो, हे तिला ठाऊक नाही आणि त्याला ते कळू द्यायचे नाही. धुण्यासाठी आलेल्या एका लांबलचक अमेरिकी मोटारीशी त्याची जी झटापट होते ती तातींच्या जुन्या विनोदाची आठवण करून देणारी आहे. हसू येते, आणि हसता हसता लक्षात येते की हा माणूस आपल्या कलेच्या बाहेर कुठलेच काम करू शकत नाही. शेवटी त्याला कलेचेच काम मिळते, पण ते एका मोठ्या दुकानाच्या दर्शनी काचेत उभे राहून बायकांच्या वापराच्या वस्तू हवेतून काढून दाखवण्याचे. हात तेच, सफाई तीच, फक्त बाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांची नजर त्याच्या हातांवर नसून त्या वस्तूंवर असते.

ते दोघे ज्या स्वस्त हॉटेलात उतरतात तिथे म्युझिक हॉलच्या जगातून बाहेर फेकली गेलेली आणखीही माणसे राहतात. ही माणसे रंगवताना शोमे यांनी जी माया दाखवली आहे तिच्याबद्दल सविस्तर लिहायला हवे. तीन कसरतपटू आहेत, ते एका जाहिरात कंपनीत फलक रंगवण्याचे काम धरतात आणि शिडीवर कोलांट्या घेत रंग फासतात. त्यांचे त्यातल्या त्यात बरे चालले आहे. एक विदूषक आहे, तो आपल्या खोलीत गळफास लावायच्या बेतात असतानाच दारावर थाप पडते आणि ॲलिस हातात गरम रस्सा घेऊन उभी असते. तो रस्सा खातो. दिग्दर्शक या प्रसंगात जराही रेंगाळत नाही, संगीताचा सूर उंचावत नाही, विदूषकाचा चेहरा पडदाभर दाखवत नाही. ॲलिसलाही आपण कोणत्या क्षणी दार वाजवले याचा पत्ता लागत नाही. त्याच रश्श्यावरून तातिशेफची जी भंबेरी उडते, म्हणजे भांड्यात आपला ससाच शिजलेला असावा या शंकेने तो हवालदिल होतो आणि ससा ठणठणीत दिसेपर्यंत घास गिळू शकत नाही, तो प्रसंग चित्रपटातला सर्वांत विनोदी आहे. आत्महत्येचा विचार आणि सशाचा विनोद एकाच पातेल्यातून वाढण्याची ही हिंमत मोठी आहे.

आणि एक शब्दभ्रमकार आहे, म्हणजे बोलक्या बाहुलीचे खेळ करणारा. त्याची कहाणी कोणी सांगत नाही. आपल्याला फक्त गहाणवटीच्या दुकानाची काच दिसते. एकदा त्या काचेत ती बाहुली बसलेली दिसते, शेजारी किमतीची चिठ्ठी. पुढे केव्हातरी तीच काच पुन्हा दिसते तेव्हा किंमत उतरलेली असते. आणि मग एकदा चिठ्ठीवर ती फुकट असल्याचे लिहिलेले असते, तरी बाहुली तिथेच असते. या सगळ्या फेऱ्यांत दिग्दर्शक तिथे मुद्दाम थांबत नाही. आपले लक्ष गेले तर गेले. बाहुलीचा मालक नंतर रस्त्यावर दिसतो, कसा ते लिहीत नाही.

चित्रपटाचे हे वागणे त्याच्या चित्रचौकटीतूनच आलेले आहे. ताती आपल्या चित्रपटांत नटाच्या चेहऱ्याजवळ जात नसत. माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसावा, त्याच्याभोवतीची खोली, रस्ता, येणारी-जाणारी माणसे दिसावीत, आणि कुठे पाहायचे ते प्रेक्षकाने ठरवावे, ही त्यांची रीत होती. शोमे यांनी ती निष्ठेने पाळली आहे. कॅमेरा दूर उभा राहतो, बहुतेक वेळा हलत नाही, आणि प्रसंग पूर्ण होईपर्यंत दृश्य तोडले जात नाही. ॲनिमेशनमध्ये ही रीत पाळणे किती कष्टाचे आहे याची कल्पना सहज येत नाही. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने ८० मिनिटांत १,१५,२०० चौकटी होतात. एकेक चित्र दोन चौकटींपुरते धरून ठेवले तरी कामाचा डोंगर उरतोच, शिवाय चौकटीत जितकी माणसे तितकी चित्रे वेगळी. चेहरा जवळून दाखवला की धड, पाय, चाल काढावी लागत नाही, आणि म्हणूनच खर्च वाचवू पाहणारे ॲनिमेशन नेहमी चेहऱ्याकडे धाव घेते. इथे मात्र तातिशेफ नुसता खोली ओलांडून कोट टांगतो तेव्हाही त्याचे सगळे शरीर, खांद्यांचा पोक, पँटखालून दिसणारा घोटा, क्षणभर हवेत अडखळलेला हात, हे सगळे कोणीतरी पेन्सिलने काढलेले असते. तातींची चाल इतकी तंतोतंत उतरली आहे की थोड्या वेळाने आपण रेषा पाहायचे विसरून जातो आणि एका ओळखीच्या माणसाला पाहू लागतो.

या अंतरामुळे दुःखालाही एक अदब आली आहे. रडणारे डोळे जवळून दाखवून प्रेक्षकाला रडवणे सोपे असते, आणि रेखाटलेल्या पाणीदार डोळ्यांच्या बाबतीत तर ते फारच सोपे. शोमे ती वाट घेत नाहीत. एका दृश्यात तातिशेफला रस्त्यावर ॲलिस एका तरुणाबरोबर चाललेली दिसते, आणि आपण तिला दिसू नये म्हणून तो घाईने जवळच्या सिनेमागृहात शिरतो. हे एडिंबरातले कॅमिओ नावाचे खरेखुरे चित्रपटगृह आहे. आत पडद्यावर तातींचा १९५८चा ‘मों ओंक्ल’ चाललेला असतो. रेखाटलेला जादूगार थबकतो, आणि समोर हाडामांसाचे जाक ताती त्याच्यासारख्याच चालीने, त्याच्यासारख्याच गोंधळाने वावरत असतात. काही क्षण दोघे एकमेकांसमोर असतात आणि मग तो अवघडून बाहेर पडतो. एरवी अशा उसन्या तुकड्यांचा मला राग येतो, कारण दिग्दर्शक आपली विद्वत्ता दाखवतो आहे असे वाटत राहते. इथे तसे होत नाही, कारण त्या क्षणी जादूगाराला लपायला जागा हवी आहे आणि मिळालेल्या जागेतही त्याला स्वतःपासून सुटका नाही, हे कथेच्याच पोटातून आलेले आहे.

तातींच्या मूळ पटकथेत एडिंबराच्या जागी प्राग होते. शोमे आपल्या आधीच्या चित्रपटाच्या निमित्ताने एडिंबराला गेले, शहराच्या प्रेमात पडून तिथेच राहिले, त्यांनी तिथे स्वतःचा स्टुडिओ उभारला आणि कथाही तिथे आणली. पार्श्वभूमीच्या चित्रांत ते प्रेम दिसते. काळवंडलेल्या दगडी इमारती, धुके, अचानक येऊन जाणाऱ्या सरी, सरीनंतर चकाकणारे फरसबंद रस्ते, आणि उत्तरेकडच्या प्रदेशातला तो न संपणारा संधिप्रकाश हे सगळे सौम्य, पाणी भरपूर घातलेल्या रंगांत उतरले आहे. शहर सुंदर आहे आणि जादूगाराला त्यात जागा नाही, या दोन्ही गोष्टी एकाच चित्रात राहतात. शेवटाकडे तो शहरालगतच्या आर्थर्स सीट या टेकडीवर जाऊन सशाला सोडून देतो तेव्हा कॅमेरा प्रथमच मोकळा सुटून शहराभोवती मोठी गिरकी घेतो. हे दृश्य संगणकाच्या साहाय्याने केलेले आहे आणि अनेकांना ते आवडते. मला मात्र ते खटकते. इतका वेळ एका जागी उभे राहून पाहायला शिकवलेल्या डोळ्यांना ती गिरकी परकी वाटते, आणि घरांचे घट्टपण त्या क्षणी हाताच्या रेषेपासून तुटते.

याहून मोठी उणीव ॲलिसच्या व्यक्तिरेखेत आहे. ती भोळी आहे, कामसू आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना रस्सा वाढणारी आहे, पण तिच्या मनात काय चालते ते चित्रपट जवळजवळ विचारतच नाही. पांढरा कोट अंगावर आल्यावर ती शहरातल्या तरुणीसारखी चालू लागते, आणि तो बदल रेखाटणीत अप्रतिम दाखवला आहे. तरीही बेट सोडून आलेल्या, नात्यागोत्याचे कोणी नसलेल्या मुलीची भीती, एकटेपण, कृतज्ञता यांपैकी काहीतरी दिसायला हवे होते. ते न दिसल्यामुळे काही प्रेक्षक तिला हावरट ठरवतात, आणि दोष त्या प्रेक्षकांचा नाही. तातिशेफ तिच्याकडे मुलीसारखे पाहतो हे मात्र स्पष्ट आहे: हॉटेलातली निजायची खोली तिला देऊन तो स्वतः बाहेरच्या अपुऱ्या कोचावर पाय मुडपून झोपतो.

हे बाप-लेकीचे नाते पडद्याबाहेरही वादाचा विषय झाले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॅरिसच्या लिदो या नृत्यगृहातल्या एका नर्तिकेपासून तातींना एक मुलगी झाली होती, आणि तिला त्यांनी आपलेसे केले नाही. ही पटकथा म्हणजे त्या टाकलेल्या मुलीकडे वळून पाहिलेली खंत आहे, आणि तिचा उल्लेख न करता चित्रपट सोफी यांना अर्पण करणे अन्यायाचे आहे, असे त्या मुलीच्या कुटुंबीयांनी जाहीरपणे मांडले. मला हे माहीत नसताना चित्रपट आवडला होता आणि माहीत झाल्यावरही तो तितकाच आवडतो, पण त्यातल्या भेटवस्तू मला आता वेगळ्या दिसतात. ओळख लपवून, हवेतून काढून दिलेले बूट आणि कोट हे एखाद्या माणसाने द्यायला उशीर केलेल्या गोष्टींसारखे वाटू लागतात. अर्पणपत्रिकेत दोन नावांना जागा असायला हरकत नव्हती.

ज्यांना शेवट आधी कळलेला चालत नाही त्यांनी हा परिच्छेद वगळावा. तातिशेफ ॲलिससाठी फुले, पैसे आणि एक चिठ्ठी ठेवून निघून जातो. जगात जादूगार नसतात, एवढेच त्या चिठ्ठीत लिहिलेले असते. इतक्या अबोल चित्रपटाने तात्पर्य कागदावर लिहून द्यावे याचे मला वाईट वाटते, कारण त्यानंतर लगेच येणारे आगगाडीतले दृश्य तेच कितीतरी अधिक खोलवर सांगते. डब्यात समोर बसलेल्या लहान मुलीची झिजून आखूड झालेली पेन्सिल खाली पडते. तातिशेफ ती उचलतो. त्याच्या खिशात त्याच रंगाची, पूर्ण लांबीची पेन्सिल असते. तळहात मिटायचा, उघडायचा आणि आखूडची लांब करून द्यायची, इतके ते सोपे असते आणि त्याने जन्मभर तेच केलेले असते. त्याचा हात क्षणभर तयारही होतो. मग तो मुलीला तिचीच आखूड पेन्सिल परत देतो. चिठ्ठी नसती आणि हे दृश्य तेवढे असते, तर शेवटाला काहीही कमी पडले नसते.

संगीत स्वतः शोमे यांचेच आहे, पियानोवर आधारलेले आणि बरेचसे मागे राहणारे. चित्रपटाला २०११ साली फ्रान्सचा सेझार पुरस्कार मिळाला, आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंतही तो पोचला.

भाषेची अडचण कोणालाही येणार नाही. तातिशेफ तुटक फ्रेंच बोलतो, ॲलिस गेलिक ही स्कॉटलंडची जुनी भाषा बोलते, बाकीचे इंग्रजीसारखे काहीतरी पुटपुटतात, आणि त्यातले फारसे शब्द समजण्यासाठी नाहीतच. उपशीर्षके शोधण्यात वेळ घालवू नये. मात्र फोनच्या पडद्यावर हा चित्रपट पाहू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण गहाणवटीच्या दुकानातली ती चिठ्ठी, दिवे, दारांवरच्या पाट्या, मागून जाणारी माणसे हे सगळे चौकटीच्या कडेला घडते आणि लहान पडद्यावर ते हरवून जाते. ताती ज्यांनी कधीच पाहिले नाहीत त्यांनी आधी ‘मों ओंक्ल’ पाहावा. तो मिळाला नाही तरी अडणार नाही, पण मिळाला तर कॅमिओमधल्या त्या दृश्याचा पुरता अर्थ लागेल.